पागोळीच्या आतला दिवा

भाचीबाई, दिवे पसंत करण्याआधी एक काम कर. अमावास्येच्या आसपास गावच्या घरी मुक्कामाला जा. रात्री बाहेरचे सगळे दिवे बंद ठेव, बॅटरी हातात घे पण पेटवू नकोस. बेड्यापासून पाखाडी उतरून खळ्यात ये, ओटीवर चढ, मग घराला वळसा घालून मागीलदारी न्हाणीपर्यंत जा. विहिरीकडे मात्र बॅटरी पेटवूनच. जिथे जिथे अंगठा आपोआप बॅटरीच्या बटणाकडे जाईल, तिथे खडूने फुली मार आणि सकाळी वायरमनला त्या फुल्या दाखव. कॅटलॉग त्यानंतर. घराच्या दर्शनी भागाचा फोटो समोर ठेवून आखलेले दिवे भिंत झकास उजळतात आणि पायरी अंधारात ठेवतात.

फुल्या कुठे पडतील ते मी आताच सांगतो. पाखाडीच्या वळणावर, जिथे चिऱ्यांवर शेवाळ धरतं. ओटीच्या पायऱ्यांवर. दाराच्या कुलपापाशी. न्हाणी आणि मागच्या दाराच्या मधल्या पाच-सहा पावलांवर. आणि विहिरीच्या काठावर. तुझी आई रात्री उठते ती याच वाटेने फिरते. ताईसाठी दिवे लावायचे आहेत, रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी नव्हे, हे धरून चाललीस की निम्मे दिवे आपोआप गळतात.

जावईबापूंनी मागवलेला तो शंभर वॉटचा फोकस परत पाठव. त्यांना माझं नाव सांग, वाईटपणा मी घेतो. खळ्यात रात्री मॅच खेळवायची असेल तर फोकस ठीक. एरवी तो डोळ्यांवर येतो, आणि त्याच्या उजेडाची हद्द संपली की पलीकडचा अंधार दुप्पट दाट होतो. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. फोकसकडे एकदा नजर गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यात ताईला मोतीबिंदू. अशा डोळ्यांना समोरच्या उघड्या दिव्याभोवती वलयं दिसतात आणि नेमकी पायरीची कड दिसत नाही.

म्हणून दिवा असा लाव की उजेड दिसावा, दिवा दिसू नये. वर टोपी असलेला, खाली तोंड केलेला. पायऱ्यांसाठी तर उंचावरचा दिवा घेऊच नकोस. मागून आलेला उजेड आपलीच सावली पुढच्या पायरीवर पाडतो. गडग्यात बाजूने, पायरीपासून फूटभर उंचीवर बारीक दिवे बसव. आडवा उजेड पडला की प्रत्येक पायरीची कड सावलीने उठून दिसते. तीन-चार वॉट पुरतात.

दाराचा दिवा दाराच्या डोक्यावर बसवायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मोड. दार उघडलं की दिव्याभोवतीची पाखरं सरळ माजघरात येतात, आणि दारात उभ्या माणसाचा चेहरा नेमका सावलीत राहतो. दिवा कडी-कुलपाच्या बाजूला, दारापासून दोन-तीन हात लांब, डोक्याच्या किंचित वर असू दे. किल्लीचं भोक दिसेल, आलेला माणूसही दिसेल.

बल्ब पिवळसर घे. डब्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेलं असतं, तेच. ६५०० चा पांढराशुभ्र बल्ब घेऊ नकोस. पांढऱ्या बल्बात निळा उजेड जास्त असतो आणि किड्यांना तो ओढतो. पिवळ्यावर ते येत नाहीत असं नाही, पण कमी येतात. आपल्याकडे हा नुसता किड्यांचा प्रश्न नसतो. किड्यांमागे पाली आणि बेडूक येतात, बेडकांमागे जनावर येतं. मण्यार रात्रीच हिंडते. दिवा लावायचा अंधाराची भीती म्हणून, आणि उंबऱ्यापाशीच जनावराला जेवण मांडून ठेवायचं, याला काय अर्थ आहे? पावसाच्या पहिल्या सरीनंतर वाळवीचे पंखवाले किडे उठतात, त्या दोन-तीन संध्याकाळी तर बाहेरचा दिवा तासभर बंदच ठेवायचा.

आता पाण्याकडे येऊ. पन्हळ नसलेल्या कौलांवरून पाणी जिथे धारेने पडतं, त्या पागोळीची रेष खळ्यात दरवर्षी उमटलेली असते. ती रेष म्हणजे तुझा नकाशा. रेषेच्या आतला दिवा वर्षानुवर्षं टिकतो, बाहेरचा दिवा घेताना खिसा सैल सोडावा लागतो. दिव्याच्या खोक्यावर ‘आयपी’ आणि दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. पडवीत आत असलेल्या दिव्याला ४४ चालतो, म्हणजे उडालेलं पाणी तो सोसतो. रेषेबाहेर ६५ च हवा, तो पाण्याचा फवारा सोसतो. खोक्यावर आकडाच नसेल, किंवा २० असेल, तर तो दिवा दिवाणखान्यातला आहे, त्याचं रूप कितीही अंगणातलं असू दे. आणि आपला पाऊस सरळ पडत नाही. नैर्ऋत्येकडून झड आली की पडवीतही आडवं पाणी येतं. त्या बाजूच्या भिंतीवर रेषेच्या आतसुद्धा ६५ चाच घे.

जमिनीत पुरायचे, वर तोंड केलेले गोल दिवे मासिकांत फार छान दिसतात. खळ्यात नकोत. त्यांना ६७ लागतो, पण आकडा कितीही असो, श्रावणात खळ्यात पाणी साचतं, वर चिखल बसतो, आणि खळं सारवताना त्यांच्या कडा उखडतात.

चांगला दिवाही बसवणाऱ्याच्या हाताने मरतो. दिवा पेटला की आतली हवा तापते, विझवला की गार होते आणि बाहेरची दमट हवा आत ओढून घेते. चार महिने रोज हे चाललं की काचेत पाणी दिसतं. म्हणून बऱ्याच दिव्यांना खाली बारीक भोक ठेवलेलं असतं. दिवा उलटा बसवला तर ते भोक वर येतं आणि पाणी गाळून आत घेतं. हे मी दरवर्षी कुठे ना कुठे पाहतो. तसंच सिलिकॉनचं. दिवा भिंतीला टेकतो तिथे वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सिलिकॉन भरायचं, खालची कड मोकळी सोडायची. चारी बाजूंनी बंद केलं की भिंतीतून झिरपलेल्या पाण्याला वाट राहत नाही, आणि जांभा तर पाणी पितोच.

वायर भिंतीतून बाहेर काढताना भोकाला बाहेरच्या बाजूने उतार दे. दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ दे आणि मग वर वळवून खालून आत घे. पाणी वायरीवरून घरंगळत झोळाच्या तळाशी येतं आणि तिथूनच ठिबकतं. पैशाचाही खर्च नाही, पण कुणी करत नाही. पाईपचं उघडं तोंड एम-सीलने बुजव. नाही बुजवलंस तर कुंभारीण माशी महिन्याभरात त्यात मातीचं घर बांधते आणि मुंग्या जंक्शन बॉक्समध्ये वारूळ मांडतात. बॉक्समधली ओली माती म्हणजे फेजला मिळालेली वाट.

चिऱ्यात भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला सांग. जांभा मऊ, हॅमरने भोक मोठं होतं आणि गट्टी नुसती फिरत राहते. दीड इंची स्क्रूवर भागवू नका, तीन इंची घ्या, भोकातली भुकटी फुंकून काढा. भोक चिऱ्याच्या मधोमध हवं. जुन्या घराच्या सांध्यात चुना नाहीतर माती असते, तिथे काही धरत नाही. खाडीवरचा वारा लागतो म्हणून साधे स्क्रू नकोत, ते दोन पावसात गंजून भिंतीवर तांबडे ओघळ सोडतात. स्टेनलेस स्टीलचे घे, तेही मिळाले तर ३१६ प्रतीचे. दिव्याचं अंग लोखंडी पत्र्याचं नको. चांगल्या प्लॅस्टिकचं दिसायला साधं असतं, पण खाऱ्या वाऱ्यात तेच सगळ्यांत जास्त टिकतं. पितळ काळं पडतं, पण सडत नाही.

आणखी एक. सीलबंद एलईडीचे दिवे, ज्यात बल्ब बदलता येत नाही, ते शक्यतो टाळ. साध्या पिनांचा होल्डर असलेला दिवा घे. ऐन गणपतीत रात्री आठ वाजता बल्ब गेला तर बाजारपेठेतल्या दुकानात पिनांचा बल्ब हमखास मिळतो. तुझ्या त्या इटालियन दिव्याचा सुटा भाग मिळणार नाही. बंद काचेच्या गोळ्यात मात्र पाच-सात वॉटच्या वर जाऊ नकोस, आतल्या उष्णतेने एलईडी लवकर जातो. आणि दिवा स्टुलावर उभं राहून हाताला येईल एवढ्याच उंचीवर लाव. शिडी लागली की बल्ब महिनोन्‌महिने गेलेलाच राहतो.

आता जे दिसत नाही, पण ज्यावर माझा सगळा जोर आहे, ते. बाहेरच्या दिव्यांची लाईन मेन बोर्डापासून वेगळी ओढायची. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सहा अँपिअरचा डबल पोल एमसीबी, आणि तिचा स्वतःचा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. वायरमन म्हणेल, एमसीबी आहे ना, पुरे. पुरत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. सहा अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा करंट कळतही नाही, आणि माणूस मरायला त्याच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्श्याएवढाही पुरतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून पाहतो. परत येताना तीस मिलीअँपिअर कमी पडले, म्हणजे कुठेतरी जमिनीत गळतायत, की तो क्षणात तोडतो.

हा बाहेरसाठी वेगळाच का, तर पावसात तो पडणार. कुठेतरी बॉक्स ओला होतो आणि आरसीसीबी खटकन खाली येतो. सगळ्या घराला मिळून एकच असेल तर घर अंधारात, फ्रीज बंद. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘हुशार’ माणूस येतो आणि आरसीसीबी बायपास करून जातो. पावसाळ्यात गावोगाव हेच चालतं. बाहेरची लाईन वेगळी असली की ती एकटी पडते, घर चालू राहतं, आणि उन्हं पडल्यावर दोष शोधता येतो. डबल पोलही त्यासाठीच. साधं बटण फक्त फेज तोडतं. ओल्या बॉक्समध्ये न्यूट्रल जमिनीला टेकला असेल तर दिवा बंद असूनही आरसीसीबी पडत राहतो आणि कारण सापडत नाही. डबल पोलने दोन्ही तारा सुटतात, बाहेरची लाईन पूर्ण बाजूला होते.

वायरमन निघण्याआधी प्रत्येक बटणावर टेस्टर लावून दाखव म्हणावं, फेज बटणातूनच जातोय ना. घाईत न्यूट्रल बटणात घेतला जातो. एलईडी असेल तर त्याची एक खूण आहे: बटण बंद केलं तरी अंधारात बल्ब मिणमिणतो. काही वेळा बटणातल्या बारीक इंडिकेटरमुळेही मिणमिणतो, पण तपासल्याशिवाय सोडू नकोस. न्यूट्रल बटणात असला की बटण बंद करूनही होल्डर जिवंत राहतो, आणि बल्ब बदलणारा ओल्या पायरीवर उभा असतो.

अर्थिंग मोजून घ्यायचं ते मे महिन्यात. ऑगस्टमध्ये जमीन ओली असते, तेव्हा कुठलंही अर्थिंग पास होतं. आपल्या कातळात उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत होतो. शक्य असेल तर न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूला अर्थिंगचा खड्डा घ्या, म्हणजे जमीन बारा महिने ओलसर राहील. नाहीतर मार्च ते मे आठवड्याला दोन कळश्या पाणी ओतायचं काम कुणावर तरी सोपव. नळाच्या पाईपला वायर गुंडाळून ‘अर्थिंग केलं’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठव.

पाखाडीपर्यंत आणि विहिरीपर्यंत लाईन जमिनीखालून न्यायची असेल तर आर्मर्ड केबलच. साधी वायर पाईपात घालून पुरली तर घूस कुरतडते, नाहीतर माडाचं आळं खणताना पहार लागते. खोली अडीच फूट, खाली-वर वाळू, त्यावर चिऱ्याच्या ढलप्या किंवा विटा. पहार आधी विटेवर आपटते आणि खणणारा सावध होतो. केबलच्या वरचं लोखंडी वेष्टण अर्थला जोडलंय का ते विचार. आणि केबल कुठून गेली त्याचं चित्र काढून बोर्डाच्या झाकणाच्या आतून चिकटव. खणणारा गडी दरवर्षी वेगळा असतो.

एका गोष्टीबद्दल मी रागावून बोलेन. दिव्याच्या ब्रॅकेटला, किंवा दिव्याची वायर जाते त्या खांबाला, कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधायची नाही. पडवीत हमखास बांधतात, कारण तिथे अडकवायला आयतं काहीतरी मिळतं. वाऱ्याने तार हलते, वायरीवर घासते, वायरीचं कवच जातं, आणि एखाद्या पावसाळी सकाळी ओला कपडा टाकायला बाई हात वर करते. वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात अशा बातम्या येतात. वाचवायला धावलेलं दुसरं माणूसही त्याच तारेला चिकटतं. नायलॉनची दोरी आण, आणि ती दिव्यापासून लांब बांध. ताई ऐकणार नाही, तिला तारच बरी वाटते. तू स्वतः सोडून टाक.

सणांची सोय आताच कर, भिंती उघड्या आहेत तोवर. वाशाखाली आकाशकंदिलाचा एक पॉइंट, त्याचं बटण आत. खळ्याच्या कडेला, जमिनीपासून तीन फुटांवर, झाकणवाला पाणीरोधक सॉकेट, त्याच बाहेरच्या आरसीसीबीवर. शिमग्याला पालखी खळ्यात येते, कार्तिकात तुळशीचं लग्न असतं, आणि गणपती तर भर पावसात. तेव्हा खिडकीतून काढलेलं एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि भोवती नाचणारी पोरं, हे दृश्य आपल्या घरी नको. तुळशीच्या वृंदावनात मात्र दिव्याची वायर नेऊ नकोस. तिथली पणती आहे तशी राहू दे.

सेन्सरचा दिवा न्हाणीच्या वाटेवर एक पुरे. तो आडव्या चालणाऱ्या माणसाला लवकर ओळखतो, सरळ अंगावर येणाऱ्याला उशिरा. म्हणून वाटेच्या बाजूला, सात-आठ फुटांवर बसव. मांजरं, कुत्री आणि उन्हाने तापलेली हलती केळीची पानं त्याला पेटवतील, ते चालवून घे. सोलरचे दिवे केबल पोहोचत नाही तिथेच, बेड्यावर. पॅनेल दक्षिणेला तोंड करून, आंब्याच्या सावलीबाहेर. जुलैत ते रात्रभर जळतील ही आशा सोड. म्हणून पाखाडीवर त्यांच्या भरवशावर राहू नकोस.

बिलाची चिंता जावईबापूंना असेल तर हिशेब सांग: नऊ वॉटचे पाच दिवे बारा तास जळले तर महिन्याला साधारण १६ युनिट. त्यांचा एकटा फोकस ३६ खातो.

सगळे दिवे रात्रभर जळायची गरजही नाही. ओटीचा एक राहू दे. बाकीच्यांचं बटण ताईच्या खाटेपाशी, झोपल्या झोपल्या हात पोहोचेल असं दे. रात्री कुत्रं भुंकलं तर तिने दार न उघडता घराची चारी अंगं उजळावीत. मागच्या दाराला टू-वे बटण, म्हणजे जाताना आतून लावता येईल, बाहेरून विझवता येईल. मे अखेरीला काजवे चमकायला लागतात तेव्हा मागच्या आवाठातले दिवे बंद ठेवत जा. त्यांचं जोडीदार शोधणं सगळं त्या लुकलुकण्यावर चालतं. समुद्राला लागून घर असलेल्यांना जास्तीचं पथ्य आहे. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर उन्हाळ्याच्या तोंडाला कासवांची पिल्लं रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे उजळ दिसेल तिकडे धावतात. किनाऱ्याकडे तोंड केलेला दिवा त्यांना पाण्याऐवजी माडांत नेतो. तिथे समुद्राच्या बाजूला दिवाच नको, लागलाच तर झाकलेला आणि पिवळा.

काम वळवाच्या आधी उरकायला हवं. परवानाधारक वायरमन एप्रिलमध्ये सापडतो, मृगाच्या आदल्या आठवड्यात सापडत नाही. पैसे अपुरे पडले तर दिवे दोन कमी कर, आरसीसीबी कमी करू नकोस. त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. वीज चालू असताना ते महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. पडला नाही तर तो बदलेपर्यंत बाहेरची लाईन बंद. तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्येही तो असेल. आज घरी गेलीस की दाबून बघ आणि मला फोन कर.